अकरा कवळ्या

"अकरा जणांचे दात घेऊन समुद्र ओलांडला, पण माझा दात घासायचा ब्रश काही कुणी पिशवीत टाकला नाही," थोरली जाऊ उशीत तोंड खुपसून पुटपुटली. शाळेच्या एका वर्गात बाकं जोडून दोघींच्या निजण्याची सोय केली होती, त्यामुळे ते पुटपुटणं थेट धाकटीच्या कानात शिरलं. धाकटीने उठून आपला ब्रश पुढे केला. थोरलीने नाक मुरडलं, पण घेतला.

थोरलीचा नवरा दातांचा डॉक्टर. दरवर्षी आठवडाभर तो या परक्या देशातल्या गावी येऊन फुकट दात काढून द्यायचा. थोरली वहीत नोंदी ठेवायची. धाकटी मात्र घरी, मागच्या खोलीत कवळ्या घडवायची. स्वतःच्या नवऱ्याच्या हाताखाली शिकलेलं काम. तो गेला, तरी तिने त्या खोलीला कुलूप लागू दिलं नव्हतं. शिबिराला ती यंदा पहिल्यांदाच आली होती, कारण गेल्या साली ज्या अकरा जणांचे वरचे सगळे दात काढले होते, त्यांच्या तोंडात आता कवळ्या बसवून द्यायच्या होत्या.

त्या बसणार नाहीत, हे तिला वर्षभर माहीत होतं.

गेल्या साली भाऊजी, म्हणजे थोरलीचा नवरा, प्लॅस्टरचे अकरा साचे घेऊन परतले, तेव्हा तिने पहिलाच साचा खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला होता. वाफ्यातून रोपं उपटल्यावर मातीत राहतात तसे खड्डे, एकेका दाताचा एकेक, कडा अजून तीक्ष्ण. म्हणजे सकाळी दात काढले आणि दुपारी माप घेतलं. हिरडी भरून, आक्रसून जागेवर बसायला कित्येक महिने जातात. तिच्या नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात तिला शिकवलेली गोष्ट. चहाच्या वेळी तिने भाऊजींपाशी विषय काढून पाहिला. पेपरची घडी घालत ते म्हणाले, की महिनोन्महिने तिथे मुक्काम ठोकायला कोण मोकळं आहे, आणि काहीच नसण्यापेक्षा हे बरंच. थोरली कप विसळायला उठली. धाकटीने मग अंदाजाने साचे खरवडले, हिरडी कुठवर खाली जाईल ते मनाशी ठरवलं आणि जन्मात केल्या नव्हत्या इतक्या देखण्या कवळ्या केल्या. घरात कुणी पुन्हा तो विषय काढला नाही.

दहा वाजता वर्गाबाहेर रांग लागली. ते अकरा जण मात्र वेगळ्या बाकावर, ठेवणीतले कपडे घालून बसले होते, लग्नाला आल्यासारखे. मध्ये दुभाष्या उभा. तो इथलाच टपालवाला, पण तरुणपणी चार वर्षं आपल्याकडच्या एका इस्पितळात वॉर्डबॉय होता. तिथून तो भाषा घेऊन आला आणि शिव्या त्याहून अस्सल.

पहिल्या म्हातारबाची कवळी जीभ हलवली की हलायची. भाऊजी त्याच्या खांद्यावर थोपटत म्हणाले, सवय होईल. दुसरीलाही तेच. तिसरा गवंडी होता. आरशात स्वतःला पाहून तो हसला आणि हसू निसटायच्या आधी दातच निसटले. बाकावरचे सगळे हसले, तोही हसला, मग कवळी रुमालात गुंडाळून त्याने खिशात टाकली. त्यालाही सवय होणार होती. थोरली प्रत्येक नावापुढे "दिली" असं लिहीत होती. पाचव्यापर्यंत दुभाष्याला ते वाक्य इतकं पाठ झालं, की भाऊजींनी तोंड उघडायच्या आत तो सांगून मोकळा व्हायचा.

सातवी आली ती पहिलीच्या मुलांची बाई. हा वर्ग तिचाच. भिंतीवरची चित्रं तिनेच काढलेली. चाळिशीची असेल. बोलताना तोंडापुढे रुमाल धरायची. तिचे उच्चार मुलांना कळेनात, म्हणून वर्षभर ती घंटा देत होती आणि पेन्सिलींना टोकं काढत होती, असं दुभाष्याने सांगितलं. मुख्याध्यापकांनी जागा धरून ठेवली होती, पण शिबिरापर्यंतच. सोमवारी तिला त्यांच्यापुढे धडा वाचून दाखवायचा होता. नाही जमलं तर वर्ग नव्या शिक्षिकेकडे.

धाकटीने आपली पेटी उघडली. कवळीच्या आतून गुलाबी पावडरीचा थर दिला, कडा घासल्या, पुन्हा थर दिला. तोंड मिटलं की कवळी छान बसे. बाई उठली, फळ्यापाशी गेली, मुलांचं पुस्तक उघडून वाचू लागली. दोन ओळी स्वच्छ गेल्या. रांगेतले लोकसुद्धा दारातून डोकावू लागले. तिसऱ्या ओळीला कट्ट असा आवाज आला आणि पुस्तकावरची नजर न काढता बाईने कवळी तळहातावर झेलली. तिने ती पुन्हा घातली, पहिल्यापासून वाचलं. तिसऱ्याच ओळीला पुन्हा तेच.

"सवय होईल म्हणावं," भाऊजी पुढच्या माणसाला खुर्चीवर बसवत म्हणाले. "चिकटवायची पावडर द्या, आणि शिबिराच्या फोटोपुरती घालून ठेव म्हणावं."

धाकटीचा हात थांबला. थोरलीने वहीतून मान वर न करता तिच्या पदराला हलकी ओढ दिली. "अगं, त्यांच्यादेखत नको," ती एवढंच म्हणाली आणि सातव्या नावापुढे लिहिलं, "दिली".

बाई मात्र खुर्चीशी परत आली. भाऊजींकडे न जाता ती धाकटीपुढे उभी राहिली, तोंडापुढचा रुमाल खाली केला आणि काहीतरी विचारलं. दुभाष्याने ते धाकटीला सांगितलं.

"ती म्हणते, माझं काय चुकतंय ते दाखवा. सोमवारपर्यंत मी कसून सराव करीन. बाकीच्यांना जमेल, मग मलाच का जमत नाही?"

भाऊजींनी तिकडूनच उत्तर दिलं, नेहमीचंच. दुभाष्या ते सांगायला वळला. धाकटीने त्याचं मनगट धरलं. पदर अजून थोरलीच्या मुठीत होता. तो तिने सावकाश सोडवून घेतला.

"ते नका सांगू. मी सांगते ते सांगा, जसंच्या तसं," ती म्हणाली. "बाई, सवय होणार नाही. कुणालाच होणार नाही. दात काढले त्याच दिवशी आम्ही माप घेतलं, ते चुकलं. साचा हातात आला तेव्हाच मला कळलं होतं, आणि तरी मी कवळी केली. सोमवारपर्यंत तुम्हाला दात मिळत नाहीत. तुमचं काहीच चुकलेलं नाही, चुकलंय ते आमचं."