शेवटच्या शेताची आवणी

आमच्या लोधिवलीत आवणीला, म्हणजे भाताचं रोप लावायला, आमच्या आळीतल्या बायका एकमेकींच्या शेतात जातात. आज हिच्या, उद्या तिच्या. पाळी ठरलेली असते, आणि जिच्या शेतात सगळ्यांनी रोप लावलं तिने बाकीच्या सगळ्यांच्या शेतात वाकायचं, हा रिवाज.

यंदा पाळीत माझ्या बायकोची मैत्रीण आवडी, तिचं शेत पहिलं होतं आणि आमचं शेवटी. पण ओमकारने, म्हणजे आमच्या मुलाने, मस्कतहून तिकिटं पाठवली. त्याची मुलगी रिया दीड वर्षाची झाली होती आणि तिला आम्ही फोनवरच पाहिलेलं. विमान नेमकं शेवटच्या पाळीच्या दिवशी. तेव्हा आवडी माझ्या बायकोला म्हणाली, "गौरे, माझं रोप अजून ल्हान हाय. तू पयली घे, मी शेवटची घेते." गौराबाईने घेतली. बाकीच्या सगळ्या शेतांत तिने आवणी केली. राहिलं फक्त आवडीचं. त्या दिवसासाठी तिने आपल्या जागी एक मजूरबाई ठरवली आणि आम्ही विमानतळावर गेलो.

बॅगा गेल्या, झडती झाली, पासपोर्टवर शिक्के बसले. मी उतारवयात अक्षरं शिकलो, म्हणून पाट्या वाचायचं काम माझं. गेट सापडलं तेव्हा मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. गौराबाईने निरोप घ्यायला आवडीला फोन लावला. उचलला तिच्या सुनेने, संजनाने.

"काकी, आत्या शेतावर हायत. मी घरी जेवन न्यायला आले."

"किती जणी आल्या गं?"

"तिघी. बाकीच्या तापानं पडल्यात. तुमची बाई आलीच नाय, फार्महाऊसच्या कामाला गेली." संजनाने आवाज खाली आणला. "काकी, सांगू नको म्हनल्या व्हत्या, पन सांगते. आमचं रोप ल्हान नव्हतंच. तुमच्या आधीच तयार झालतं. आता जून होऊन कांडी धरलीया त्यानं. आज-उद्या लागलं नाय तर फुटवाच येयाचा नाय. वर्साचं भात जाईल."

गौराबाईने फोन ठेवला. यंदा पासपोर्टच्या धावपळीत ती आवडीच्या शेताकडे फिरकलीच नव्हती. नाहीतर रोपाची उंची तिच्या नजरेतून सुटली नसती.

"अवो, तुमी जावा," ती उठत म्हणाली. "मी चालले."

"कुठं? चहाला?"

"आवडीच्या शेतावर."

मी म्हणालो, "येडी झालीस? शिक्का बसलाय. तिकडं नात वाट बघतेय."

"म्हनूनच तुमी जावा. तिला निदान आजा तरी दिसूदे. मी गेले तर रिया आज हसंल, आनि तिकडं आवडीचं शेत बसंल. रिया दोन महिन्यांनीबी हसंल."

मी पिशवी उचलायला वाकलो. तोवर ती गेटवरच्या मुलीसमोर उभी होती. मुलगी मराठी होती, चांगल्या स्वभावाची. म्हणाली, "आजी, आता परत जाणं सोपं नाही. शिक्का रद्द करावा लागेल. विमानातून तुमची बॅग काढावी लागेल."

"काढा की. मी थांबते."

"काही त्रास होतोय का? कुणी आजारी आहे?"

"रोप आजारी हाय, बाय."

गौराबाईला कुणीतरी परत पासपोर्टच्या खिडकीकडे नेलं. पुढचं तिने मला नंतर फोनवर सांगितलं. साहेबाने कारण विचारलं. ती म्हणाली, आवणी. साहेबाला ते कळेना, तेव्हा तिने तिथल्या गुळगुळीत फरशीवर वाकून रोप कसं खोचतात ते दाखवलं. मागची रांग बघत राहिली.

"स्वतःचं शेत?"

"नाय. मैतरनीचं."

साहेबाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का रद्द केला.

मी विमानात बसलो. बाजूची खुर्ची रिकामी. आयुष्यभर ती माझ्या मागून चालली असं मी समजत होतो. त्या खुर्चीकडे बघताना कळलं, पुढे तीच होती.

मस्कतला उतरल्यावर आणखी एक गंमत कळली. सामान भरताना आम्ही माझे कपडे तिच्या बॅगेत आणि लोणचं-पापड माझ्या बॅगेत घातले होते. माझे कपडे लोधिवलीला परत गेले. ओमकार आईवर रागावला होता. त्याने मला आपली अर्धी चड्डी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओवर संजनाने शेत दाखवलं. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत रोप लागलं होतं. तापातून उठून आणखी एकजण आली होती म्हणे. चिखलात गौराबाई आणि आवडी कमरेवर हात ठेवून उभ्या. आवडी सांगत होती, "काल बांधावर ही दिसली तवा मी म्हनलं, काय गं, विमानातनं पडलीस काय? तर हिनं कासोटा मारला आन् उतरली." मग तिने मला पाहिलं. "नागूभाऊ, चड्डी कुनाची वो?" बांधावर बसलेल्या सगळ्या हसल्या.

रिया पडद्याला बोट लावून "आजी" म्हणाली. गौराबाईने चिखलाचा हात पदराला पुसला, तरी तो पडद्याला लावलाच.

ओमकारचा राग तिथेच गेला. म्हणाला, "आई, पुढचं तिकीट शेतीची कामं बघून काढतो. कधीचं काढू?"

"मला काय इचारतोस?" गौराबाई म्हणाली. "आवडीला इचार. भात कापायच्या आधी ती मला सोडते का ते."