गाळणीवर आलेला आळ

मी गाळणी. अंगभर भोकं, त्यामुळे माझ्या बोलण्यात काही टिकेल असं वाटणार नाही; तरी ऐका. कारखान्यात माझ्या बरोबरच्या पत्र्यांची ताटं झाली, डबे झाले. मला मात्र टोचून टोचून सोडून दिलं. धरून ठेवायचं काय, तर चोथा!

या घरात सासू, मुलगा आणि सून. मुलगा बस चालवतो. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासते. तिला चहाचं भारी वेड. उठल्यावर चहा, कामावरून आल्यावर चहा, जेवणाचं ताट उचलायच्या आत चहा. माझं अंग कधी वाळायचंच नाही आणि मला वाटायचं, हे घर माझ्याच जिवावर चाललंय.

मग सुनेला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला.

दवाखान्यातून आल्यावर ती ओट्याला टेकून उभी होती. सासूबाई बोलून गेल्या, "तरी मी सांगत होते, एवढा चहा बरा नव्हे."

सुनेनं मला उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं.

खरं सांगू? आत पडल्या पडल्या मला जरा मोठेपणाच वाटला. आजवर कुणी माझ्या अंगी एवढी ताकद मानली नव्हती! पण ड्रॉवरपर्यंत तिचं मुसमुसणं यायला लागलं आणि तो मोठेपणा गळून गेला. माझ्यात राहणार तरी किती?

पुढच्या तपासणीला सासूबाईही बरोबर गेल्या. घरी आल्यावर सून म्हणाली, "आई, ऐकलंत ना डॉक्टरबाई काय म्हणाल्या?"

"ऐकलं गं. तुझ्या चहानंच गेलं असं म्हणता येत नाही. पुष्कळदा गर्भच मुळात नीट घडलेला नसतो."

"पण माझं रक्त कमी आहे."

"म्हणून तर जेवणाला लागून चहा नको म्हणाल्या. अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तासाभरानं घे. आणि दिवसाला दोनच कप."

म्हणजे मी खुनी नव्हते, नुसती आगाऊ होते. घास पोटात उतरायच्या आत पुढे पुढे करणारी.

सासूबाई ओटा पुसत होत्या. स्वच्छ झालेला ओटा त्यांनी पुन्हा पुसला. मग म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या आधी माझंही एक गेलं होतं. त्या दिवशी मी जिना चढले होते. इतकी वर्षं मला वाटत आलं, मीच घालवलं."

"कुणाला बोलला नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही."

सुनेनं त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. दोघी तिथंच फरशीवर बसल्या, एकमेकींना धरून.

आता मी पुन्हा बाहेर आहे. दिवसातून दोनदा भिजते, बाकी वेळ निवृत्त माणसासारखी वाळत पडते. जेवण झालं की सुनेचा हात सवयीनं माझ्याकडे येतो आणि सासूबाई ओरडतात, "अगं, तास तरी होऊ दे!" पुढे काय होईल, मला ठाऊक नाही. भांड्यांना गोड बातम्या उशिराच कळतात.

मागणं एवढंच. तुमच्या घरी कुणावर अशी वेळ आली, तर मला हवं ते बोला, मी ऐकून घेईन. तिला मात्र काही बोलू नका. नुसतं तिच्याजवळ बसा.