शनिवारच्या खुणा

त्याने कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला, तसा त्यातून बिस्किटाचा भुगा, दोन कापलेली नखं आणि केसांचं गुंतवळ बाहेर पडलं. शी! कागदाने त्याने ते सगळं कचऱ्यात लोटलं, तरी बोटांचा चिकटपणा काही जाईना. वृद्धाश्रमाच्या त्या ऑफिसात फिनेलचा वास होता, आणि फिनेलला न जुमानणारा दुसराही एक.

"कॉम्प्युटर नवा आला तरी कीबोर्ड जुनाच ठेवा हं," व्यवस्थापिका बाई म्हणाल्या. "चांगला चालतोय."

नव्या सिस्टिममध्ये नऊ आयांची नऊ खाती उघडायची होती, प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा. कुणी आंघोळ घातली, कुणी औषध दिलं, ते जिच्या तिच्या नावावर पडावं म्हणून तर हा सगळा खटाटोप. वरच्या मजल्यावर सात नंबरच्या खोलीत त्याची सख्खी आत्या होती. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. हे काम त्याने मुद्दाम मागून घेतलं होतं. तिची आबाळ होत असेल तर निदान कळेल तरी. बाईंना इथे येऊन पाच महिने झाले होते. त्या त्याला ओळखत नव्हत्या, आणि त्यानेही नातं सांगितलं नव्हतं.

"सगळ्यांना एकच पासवर्ड टाका," बाई म्हणाल्या. "एक ते सहा, ओळीने. लक्षात राहतो."

"मग वेगळी खाती कशाला, बाई?"

"तपासणीला लागतात ना! भरणार मीच. शनिवारी बसते आणि आठवड्याच्या सगळ्या खुणा एका दमात मारून टाकते. आयांच्या भरवशावर राहिलं तर झालंच!" बाईंनी बोट जिभेला लावलं, वहीचं पान उलटलं आणि तेच बोट स्क्रीनवर टेकवलं. "इथे आंघोळ, इथे औषध, इथे फिरणं. टक, टक, टक."

काचेवर ओला ठसा राहिला. तो पुसायला हात लावायचीही त्याला किळस वाटत होती.

जुन्या नोंदी नीट आल्यात का ते बघायला त्याने खोली नंबर सात उघडली. रोज आंघोळ. रोज औषध. रोज सकाळी अर्धा तास बागेत फिरणं. बागेत! खुब्याचं हाड मोडून आत्या तीन महिन्यांपासून अंथरुणाला खिळली होती. फोनवर तिनेच सांगितलं होतं.

"या आजी चालतात?"

"कोण, सातवाल्या? छे हो! पडून पडून पाठीला जखमा झाल्यात. पण रकाना रिकामा दिसला की तपासणीवाले डोकं खातात."

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. तो उठला तशी खुर्ची मागे भिंतीवर आदळली.

"लाज नाही वाटत तुम्हाला? आत्या आहे ती माझी! पाठ सोलून निघालीय, आणि तुम्ही तिला बागेत फिरवताय? आत्ताच्या आत्ता हे छापून तपासणीवाल्यांकडे नेतो!"

बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही ते भाचे होय?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "न्या की. पण शेवटचा रकानाही छापा."

शेवटचा रकाना होता 'नातेवाइकांची भेट'. दर रविवारी खूण, आणि खुणेपुढे त्याचं नाव. एकवीस रविवार, एकही चुकलेला नव्हता.

"तेवढी खूण मी मनाने मारत नाही," बाई म्हणाल्या. "शनिवारी आजीच निरोप धाडतात. उद्या माझा भाचा येऊन जाईल, आधीच लिहून ठेवा म्हणतात."

त्याने छापायला टाकलं. सगळे रकाने. प्रिंटर खरखरत होता तोवर तो पँटला बोटं पुसत राहिला, आणि बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग कागद घेऊन तो जिना चढला.

सात नंबरचं दार सताड उघडं होतं. आत एक आया चादर बदलत होती. आत्या भिंतीकडे तोंड करून कुशीवर होती, पाठीचा गाऊन डागाळून चिकटलेला. पावलांचा आवाज ऐकून तिने कशीबशी मान वळवली. त्याला बघून तिचे डोळे भरले, आणि लगेच तिने आयाकडे बघितलं.

"अरे, परत आलास?" आयाला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली. "रविवारीच तर येऊन गेलास ना!"