सहावी पायरी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. नऊ पायऱ्यांची. आता माझ्यावर कोणी चढत नाही. माझ्या पायऱ्यांवर कुंड्या मांडल्या आहेत आणि त्यातल्या एका वेलीने माझी डावी बाजू जवळजवळ गिळून टाकली आहे. परसात येणारी माणसे म्हणतात, "काय छान दिसते हो ही शिडी!" पण माझी सहावी पायरी बाकीच्यांपेक्षा नवी आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही. ती नवी का आहे, तेच मला सांगायचे आहे.

एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. तो प्रत्येक पायरी बसवून झाली की तिच्यावर उभा राहून दोन उड्या मारी आणि मगच पुढच्या पायरीला हात घाली. मला विकत घेतले एका तरुण रंगाऱ्याने. मला खांद्यावर टाकून तो ऐटीत घरी निघाला आणि पहिल्याच वळणावर माझे टोक एका दुकानाच्या पाटीवर आदळले. दुकानदार तोंडाला येईल ते बोलला. रंगारी नुसता हसला. त्या दिवसापासून मी त्याची झाले.

बावीस वर्षे आम्ही दोघांनी मिळून घरे रंगवली. शाळा, दवाखाने, कचेऱ्याही रंगवल्या. छताची कड तो इतकी सरळ ओढी, की घरमालक म्हणत, "हात आहे की पट्टी!" पण लोकांना हवा असे तो बहुतेक वेळा पांढराच रंग. कुणाला दुधासारखा, कुणाला सायीसारखा, कुणाला मोत्यासारखा. "पांढऱ्याचे एवढे प्रकार माणसाला लागतात तरी कशाला?" असे तो वैतागून माझ्या टोकावरून पुटपुटे.

त्याची बायको एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करी. दिवसभर पांढऱ्या चादरी धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या. घरात दोघेच. घरामागे छोटेसे परस होते. तीन बाजूंना सिमेंटच्या करड्या भिंती, कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि कपडे वाळत घालायची दोरी. बाकी काही नाही.

"अहो, एवढं परस आहे आपलं," ती म्हणे. "रंगवू या की. मला सगळे रंग हवेत. एकसुद्धा सोडायचा नाही."

"रंगवू गं. हे शाळेचं काम तेवढं उरकू दे."

शाळेचे काम उरकले. मग दवाखान्याचे आले. ती मात्र स्वस्थ बसली नाही. शिंप्याकडच्या रंगीत चिंध्या, फरशीच्या दुकानात फेकून दिलेले तुकडे, कान तुटलेले कप, हिरव्या-निळ्या बाटल्या, जे दिसेल ते ती घरी आणी. पलंगाखालची पेटी भरली. मग कपाटामागची जागा भरली. रंगारी चेष्टेने म्हणे, "आता मीच बाहेर झोपायचं का?"

याच काळात माझी सहावी पायरी सैल झाली. रंगाऱ्याने ती सुतळीने बांधली. "तात्पुरतं आहे," तो म्हणाला. हे तात्पुरते दोन वर्षे चालले. त्याच्या पायांना सवय झाली होती. ते पाचवीवरून थेट सातवीवर जात. बायकोने त्याला तीन वेळा बजावले, "अहो, ती पायरी हलतेय. आधी दुरुस्त करा." तीनही वेळा तो "हो" म्हणाला.

मग तिची नोकरी संपली. चौथ्या दिवशी सकाळी रंगारी दुसऱ्याची शिडी घेऊन एका उंच इमारतीच्या कामावर गेला होता, कारण मी त्या कामाला आखूड पडत होते. तिने मला परसाच्या भिंतीला टेकवले. बाटल्यांची एक लांब माळ करून ती दोन्ही हातांत धरली आणि चढू लागली. माळेमुळे तिला स्वतःचे पाय दिसत नव्हते. तिने सहाव्या पायरीवर पाय ठेवला.

मित्रांनो, सुतळी तुटली तेव्हा मला काहीच करता आले नाही. लाकडाला हात नसतात. ती पडली, पण माळ तिने छातीशी घट्ट धरली होती. एकही बाटली फुटली नाही. तिच्या खुब्याचे हाड मात्र मोडले. रंगारी जेवायला घरी येईपर्यंत ती तासभर परसातल्या सिमेंटच्या जमिनीवर पडून होती.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी निदान तीन महिने अंथरुणावर राहायला सांगितले. तिचा पलंग मागच्या खिडकीपाशी सरकवला. त्याच दिवशी रंगारी कुऱ्हाड घेऊन परसात आला. त्याचे डोळे लाल होते. त्याने मला आडवे टाकले.

"तिला कशाला तोडताय?" खिडकीतून आवाज आला. "तिनं काय केलंय?"

"हिच्यामुळे पडलीस तू."

"त्या पायरीबद्दल मी तीनदा सांगितलं होतं तुम्हाला."

ती रागावून बोलली नाही, म्हणूनच ते जास्त लागले असावे. कुऱ्हाड त्याच्या हातातून गळाली. तो माझ्या शेजारी जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडला. ती खिडकीतून नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "झालं रडून? मग रंगाचे डबे काढा आता."

दुसऱ्या दिवशी त्याने नवी पायरी घडवून बसवली आणि तिच्यावर उभे राहून उड्या मारल्या. त्यानंतर त्याने बाहेरचे एकही काम घेतले नाही. इतक्या वर्षांत डब्यांच्या तळाशी उरलेले सगळे रंग त्याने उघडले. शाळेच्या दारांचा हिरवा, दवाखान्याच्या फाटकाचा निळा, कुठल्याशा खोलीचा पिवळा. ती पडल्या पडल्या हुकूम सोडी.

"तो लाल टाकीजवळ नको. रागावल्यासारखा दिसतो."

"मग कुठे लावू?"

"दाराशी. तिथे त्याला सोबत आहे निळ्याची."

भिंतींवर रंगांचे तुकडे एकमेकांना लागून उमटले. फरशीच्या तुकड्यांची नक्षी झाली. चिंध्या विणून गालिचा झाला, उरलेल्यांच्या झालरी दोरीवर झुलू लागल्या. तुटक्या कपांत रोपे लागली. ती बाटल्यांची माळ त्याने स्वतः टांगली आणि ऊन आले की भिंतीवर हिरवे-निळे ठिपके हलू लागले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुंदर काम होते. मी त्या घरच्यांना इतके हसताना कधी पाहिले नव्हते.

शेवटची भिंत पूर्ण झाली ती एका दुपारी. तिला दोन दिवसांपासून खोकला येत होता.

"मला आत्ता बाहेर घ्या," ती म्हणाली. "खुर्चीत बसवा आणि उचला. मी हलकी झालेय आता."

"अगं, भिंत ओली आहे. रंग लागेल तुला."

"लागू दे."

"उद्या. उद्या गालिचा झटकून ठेवतो, उशा मांडतो. सगळं नीट करून नेतो तुला."

तिने त्याच्याकडे पाहिले आणि होकाराची मान डोलावली. सकाळी ती तापाने फणफणली होती. तिला इस्पितळात नेले. तिथल्या त्या पांढऱ्या चादरींवर ती सहा दिवस होती. मग रंगारी एकटाच घरी आला.

त्याने मागचे दार लावून घेतले. दोन पावसाळे ते उघडले नाही. झालरी विटल्या, गालिचा कुजला, कपांतली रोपे वाळून गेली. मी भिंतीला टेकून उभी होते. मला कुणी आत नेले नाही आणि मी त्याबद्दल तक्रारही करणार नाही.

मग एके दिवशी धुलाईखान्यातली तिची एक मैत्रीण आली. वाकलेली, हातात काठी. ती रंगाऱ्याला म्हणाली, "ती मला रोज त्या परसाबद्दल सांगायची. दोन मिनिटं बसू का तिथे?"

मी दाराआडून त्याचा आवाज ऐकला. "मागे सगळा उकिरडा झालाय हो. मी झाडून ठेवतो, तुम्ही उद्या..."

तो तिथेच थांबला. मग कडी वाजली. त्याने खुर्ची आणून त्या वाळक्या पानांतच ठेवली आणि म्हणाला, "बसा. असंच आहे. बसा."

ती बसली. तो तिच्याजवळ उभा राहिला. निघताना तिने सांगितले, की या भिंती दिसतात त्याहून जास्त रंगीत तिने ऐकल्या होत्या. तो त्या वेळी हसला की रडला, ते मला माझ्या जागेवरून नीट दिसले नाही.

आता तो रोज थोडे झाडतो, थोडे पाणी घालतो. कुंड्यांच्या ओलीने माझे पाय कुजू लागले आहेत, म्हणजे माझे दिवसही मोजकेच उरले. म्हणून एवढेच मागते, मित्रांनो. तुमच्या वस्तूंची काळजी घ्या, त्यांचे दुखणे सुतळीने बांधून ठेवू नका. आणि तुमच्या माणसाने काही मागितले, तर ते अर्धे झालेले असले तरी द्या, ओले असले तरी द्या. रंग अंगाला लागला तर धुता येतो.