कागदावर जेवलेलं पोरगं

भाताचं पातेलं उतरवायला अजून पाव तास होता, तेवढ्यात धनराज शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या दारात येऊन उभा राहिला. नवऱ्यानं कामाच्या जागी यावं हे राजूबाईला मुळीच खपत नसे. त्यात आज त्याच्या मागं हेडमास्तर गुरुशांतप्पा. दोघांच्या तोंडावर सारखंच हसू. तिनं ओळखलं, काहीतरी शिजलंय आणि ते आपल्या चुलीवर नाही.

"राजूबाई, उद्या शिक्षण खात्याचे साहेब येयलेत," मास्तर म्हणाला. "सुनीलकुमारच्या पोराच्या दाखल्याची चौकशी हाय. पोरगं पैलीपासनं दहावीपोत्तर हितंच शिकलं, हितंच जेवलं, एवढंच सांगायचं. बास."

"कंचं पोरगं?" राजूबाईनं विचारलं. ती नाटक करत नव्हती. तेरा वर्षं ती या शाळेत दुपारचं जेवण रांधत होती, पण असलं पोरगं तिनं पाहिलेलंच नव्हतं.

पाहणार कुठून? सुनीलकुमारची गावात जमीन बारा एकर आणि राहणं बिदर शहरात, मैलूर भागात. वर्षातून दोनदा तो तुरीचा आणि सोयाबीनचा वाटा न्यायला यायचा, नाकाला रुमाल लावून. त्याचं पोरगं शहरातल्या शाळेत पंख्याखाली शिकलं, पण नाव मात्र या गावच्या हजेरीत. दहा वर्षं खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या पोरांसाठी कॉलेजात वेगळ्या जागा असतात, हे सुनीलकुमारला पोरगं रांगत होतं तेव्हाच ठाऊक होतं. गावाचा कसला उपयोग करून घ्यायचा, हे गाव सोडून गेलेल्यांनाच बरोबर कळतं.

धनराजला तेवढी अक्कल कुठली! त्याला भारी हौस. पाचवी झाल्याबरोबर त्यानं आपल्या लेकीला, मंजुश्रीला, या शाळेतून काढून बिदरच्या टायवाल्या शाळेत घातलं आणि गावभर सांगत हिंडला. पोर पहाटे म्हशीचं शेण काढायची, सहाची बस धरायची, दिवेलागणीला घरी यायची. बुटाला इथली तांबडी माती तशीच. तिथल्या पोरी तिला हळ्ळी हुडगी, म्हणजे खेडवळ पोर, म्हणून हिणवायच्या. आणि आता सरकार म्हणत होतं की ती शहरातली. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. मार्क थोडक्यात कमी पडले. खेड्याच्या यादीत नाव असतं तर जागा हातात होती.

"मंजूचंबी सहावी ते दहावी हितं चढवतो की," मास्तर आवाज उतरवून म्हणाला. "जुनं रजिस्टर माझ्याच कपाटात हाय. तुमी त्येंचं काम करा, मी तुमचं करतो."

"आयतं व्हायलंय," धनराज म्हणाला. "तुला कामून जड जायलंय?"

"माझी लेक हितंच जल्मली, हितंच निजते," राजूबाई म्हणाली. "ती खेड्यातली हाय म्हणायला खोटा कागद कामून लागायलाय, मास्तर?"

"कायदाच तसा हाय."

"आन् सुनीलकुमारच्या पोराला?"

"त्यालाबी खोटाच लागायलाय," मास्तर म्हणाला. जणू सगळ्यांना सारखाच न्याय चालला होता.

संध्याकाळी गोठ्यात मंजुश्री रेडकाच्या जखमेला हळद लावत होती. राजूबाईनं सगळं सांगितलं. पोर रेडकाची मान धरून हळद लावतच राहिली.

"मला जागा पायजे माय. लई पायजे," ती म्हणाली. मग रेडकाची मान सोडून हात पुसत म्हणाली, "पन त्या पोराच्या पंगतीला बसून नगं."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सुनीलकुमार आला, आणि मागून त्याचं पोरगं, पांढऱ्याफेक शर्टात. आपल्या या शाळेत दहा वर्षं शिकलेल्या पोरानं आल्या आल्या विचारलं, संडास कुठं आहे. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मास्तर घाईनं म्हणाला, "नवा बांधलाय, साहेब."

"अक्का, हा पोरगा हितं जेवायचा काय?" साहेबांनी राजूबाईला विचारलं.

धनराज तिच्याकडं डोळे वटारून बघत होता. भिंतीशी मंजुश्री उभी होती. राजूबाईनं हातातला डाव खाली ठेवला.

"साहेब, मास्तर रोज जेवढी ताटं सांगायचे, त्यात एक पोरगं कमी असायचं. दहा वर्षं असंच. कुणाचं ताट ते मला काल कळलं. शिजवलं मातर मी रोज."

"मग ते खायचं कोण?"

"आमची म्हस. घमेल्यात घालून न्यायची मी."

ओट्यावर बसलेली पोरं खो खो हसली. सुनीलकुमार ओरडला, "बाई, डोस्कं ठिकाणावर हाय का?"

"हाय की," राजूबाई म्हणाली. "साहेब, ज्यानं हितं खाल्लं त्यालाच दाखला द्यायचा असंल, तर म्हशीला द्या. ती जल्मात कदी मैलूरला गेली न्हाई."

साहेबांनी पेनाला टोपण घातलं आणि मास्तरकडं कपाटाची किल्ली मागितली.

दोन्ही दाखले मिळायचे राहिले. आठ दिवसांत राजूबाईच्या हातातला डाव दुसऱ्या बाईकडं गेला. धनराज महिनाभर तिच्याशी बोलला नाही. सुनीलकुमारच्या पोराला बापानं लांबच्या कॉलेजात विकतची जागा घेऊन दिली. असल्यांचं कुठं अडतं?

मंजुश्रीनं पुढच्या वर्षीच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला. शिक्षण कुठं झालं, या रकान्यात तिनं 'शहर' असं लिहिलं. मग पेन ठेवलं आणि शेण काढायला गेली.