बॅटरीमास्तरांचा पहिला अख्खा पिक्चर

"बरं, आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारी?" बॅटरीमास्तरांनी विचारलं.

सूनबाईने मटार सोलता सोलता अंगठ्याने मोबाइल वर सरकवला. "त्या शुक्रवारी दोन आहेत, बाबा. एक भुताचा."

"भूत नको. भुताच्या पिक्चरला बायामाणसं मधूनच उठतात आणि दारात गर्दी करतात."

"दारात गर्दी झाली तर तुमचं काय जातंय आता?"

"खरंच की," मास्तर ओशाळून हसले. "दुसरा कुठला?"

"दुसरा दीपगृहाचा. एक म्हातारा एकटाच दीपगृह सांभाळत असतो म्हणे."

"हाच तो!" मास्तर खुर्चीत पुढे सरकले. "याचीच वाट बघतोय मी केव्हापासून. काढ, दोन तिकिटं काढ. दुपारच्या खेळाची."

"एकच काढ गं," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या खिडकीशी बसून सोललेले मटार बोटांनी चाचपून किडके बाजूला काढत होत्या. "मी कशाला येऊ? बाहेर अंधार आणि आतही अंधारच."

सूनबाईने मोबाइल उलटा ठेवला.

मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. थिएटरात बाल्कनीच्या दारावर उभं राहायचं आणि उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची, ही त्यांची आयुष्यभराची नोकरी. ती ते अशा दिमाखात करायचे, की कोणीतरी थट्टेने 'बॅटरीमास्तर' म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मग ओघानेच बायको मास्तरीणबाई झाली.

लोकांना वाटायचं, काय नशीब काढलंय या माणसाने! रोज फुकट पिक्चर! लोकांना काय, बोलायला पैसे पडतात थोडेच. पिक्चर सुरू व्हायच्या वेळी मास्तर कोणाच्या तरी पायाशी उजेड धरून ओणवे झालेले असायचे. पाठीमागे पडद्यावर घोडे दौडायचे, बंदुका वाजायच्या, नायकाचा बाप धारातीर्थी पडायचा आणि मास्तर इकडे म्हणत असायचे, "सांभाळून, पायरी आहे." सगळे स्थिरस्थावर होऊन ते भिंतीला टेकेपर्यंत नायकाला मिशा फुटलेल्या असायच्या. शेवटाचीही तीच गत. लोकांनी खुर्च्या सोडायच्या आत बाहेरची दारं सताड उघडी हवीत, असा मॅनेजरचा दंडकच होता. त्यामुळे मास्तरांनी नोकरीभर ढीगभर पिक्चर पाहिले आणि सगळे मधलेच पाहिले.

शेवटाचं त्यांना तितकंसं वाटत नसे. शेवट काय, बाहेर पडणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून कळतो. सुरुवातीची मात्र जिवाला चुटपूट लागून राहायची. ती भागवली मास्तरीणबाईंनी. घरच्यांसाठी मिळणाऱ्या पासावर त्या दुपारचा खेळ बघायच्या, बाल्कनीत अगदी भिंतीकडच्या खुर्चीत बसून. आणि संध्याकाळच्या खेळाआधी मास्तर चहाला घरी आले, की त्यांच्यासमोर कप ठेवून सुरुवात सांगायच्या. काय सांगायच्या! नायकाची आई जिना उतरतानाच तिच्या पायातली चप्पल तुटलेली आहे, हे त्या असं सांगायच्या, की मास्तरांचा चहा निवून जायचा.

एकदा यातून मोठीच फजिती झाली. एका पिक्चरमध्ये दरोडेखोर नायक होता. मास्तरीणबाईंनी सांगितलं की याचा एक धाकटा भाऊ लहानपणी स्टेशनवर हरवलाय. मास्तर रोज भिंतीला टेकून त्या भावाची वाट बघू लागले. भाऊ काही येईना. शेवटी ते ऑपरेटरच्या खोलीत जाऊन भांडले, की तू आळशीपणा करतोस, भावाचं रीळ लावतच नाहीस. ऑपरेटर पोट धरधरून हसला. "मास्तर, कुठला भाऊ? त्याला कोणी भाऊबिऊ नाही!" घरी येऊन मास्तरांनी जाब विचारला, तर मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, एवढं गुणी पोर जगात एकटंच कसं असेल? मला बघवेना. म्हटलं, असू दे एक भाऊ." यावर मास्तर काय चिडणार? खरं तर त्यानंतर तो पिक्चर त्यांना जास्तच आवडायला लागला.

थिएटरच्या दारात एक काचेची शोकेस होती. तिच्यावर 'लवकरच' अशी पाटी होती आणि आत पुढे येणाऱ्या पिक्चरचे फोटो टाचलेले असायचे. ते बदलायचं कामही मास्तरांकडेच होतं. नवे फोटो आले की मास्तरीणबाई डबा द्यायच्या निमित्ताने यायच्या आणि दोघं काचेपुढे उभे राहायचे. टोपीवाला खुनी की पोलीस, बाई रडतेय ती माहेरासाठी की नवऱ्यासाठी, यावर त्यांचा वाद रंगायचा.

"हा आपण बघायचा," मास्तर म्हणायचे. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत. शेजारी शेजारी बसून."

"रिटायर झाल्यावर," मास्तरीणबाई म्हणायच्या.

"रिटायर झाल्यावर तर सगळेच बघू. एक सोडायचा नाही."

मास्तर रिटायर झाले, पण त्याआधीच मास्तरीणबाईंचे डोळे गेले. आधी कडा धुरकटल्या, मग मधलंही पुसट होत गेलं. डोळ्यामागची नस सुकत चालली आहे, चष्म्याने किंवा ऑपरेशनने काही होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. थिएटरही बंद पडलं, तिथे आता पलंग आणि कपाटं विकतात. मास्तरांनी त्यानंतर एकही पिक्चर पाहिला नाही. येणाऱ्या पिक्चरची नावं मात्र ते सूनबाईकडून वाचून घेत, कधी चोखंदळपणे नाकं मुरडत, कधी 'हा बघायचा' म्हणत. जाणं काही व्हायचं नाही. दीपगृहाचा पिक्चर मात्र त्यांच्या मनात घर करून बसला होता. दिवा धरून उभा राहिलेल्या माणसाचा पिक्चर त्यांनी सोडायचा म्हणजे काय?

"तुम्ही जाऊन या," रात्रीचं जेवण झाल्यावर मास्तरीणबाई म्हणाल्या. "मी असले की तुमचं सगळं लक्ष माझ्याकडे. एवढी वर्षं वाट बघितलीत, एकदा तरी नीट बघा. आणि येऊन मला सुरुवात सांगा. आता तुमची पाळी."

"मला नाही सांगता येत."

"त्यात काय न येण्यासारखं आहे? सूनबाईने मोबाइलवर त्याची झलक दाखवली ना? ती सांगा बघू."

मास्तर सरसावून बसले. "दीपगृह आहे. एक म्हातारा आहे. समुद्र आहे. एक बोट आहे."

"मग?"

"मग काय? आहे."

मास्तरीणबाईंना हसू आवरेना. "अहो, हे काय वाण्याला सामान सांगताय का?"

मास्तरही हसले खरे, पण त्यांच्या ते मनाला लागलं. या बाईने आपल्याला आयुष्यभर सुरुवाती पुरवल्या, आणि आपल्याला तिला एक धड सांगता येऊ नये! आपण चांगलं सांगितलं, तरच ती शेजारी येऊन बसेल, हे त्यांना पुरतं कळलं. पिक्चर लागायला अजून काही आठवडे होते. मास्तर कामाला लागले.

सकाळी चहा झाला की ते खिडकीशी उभे राहायचे आणि दिसेल ते सांगायचे. सुरुवातीला सगळा आनंदच होता. "स्कूटर गेली. दूधवाला आला. मांजर आहे." मास्तरीणबाई बिचाऱ्या "हं, हं" करायच्या. सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडायची, "बाबा, मांजराचा रंग तरी सांगा!"

मग एका सकाळी मास्तर बराच वेळ बाहेर बघत राहिले. नंतर हळू आवाजात म्हणाले, "समोरच्या घरातल्या म्हातारीने दार उघडलंय. बाहेर येत नाहीये. उंबऱ्यातच उभी आहे. हातात एक पत्र्याची पेटी आहे, माहेराहून आणलेली असावी, कोपरे चेपलेत. ती रस्त्याच्या त्या टोकाकडे बघतेय. केस विंचरलेत आज तिने."

मास्तरीणबाईंचा कप ओठांपाशीच थांबला. "मग?"

"मग एक रिक्षा आली. ती पुढे झाली. पण रिक्षा दुसऱ्याच दारात थांबली."

"अगं बाई! मग?"

"तिने पेटी खाली ठेवली. पण आत नाही नेली."

मास्तरीणबाईंनी कप खाली ठेवला. मग त्यांनी आत तोंड करून हाक मारली. "सूनबाई, दोन काढ गं तिकिटं."

नवं थिएटर मोठ्या दुकानांच्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर होतं. सरकत्या जिन्याला मास्तरीणबाई घाबरल्या, म्हणून दोघं लिफ्टने गेले. आत शिरल्यावर मास्तरांनी पहिल्यांदा दारं किती आणि कुठे आहेत, ते बघून घेतलं. मग बायकोचा हात धरून ते पायऱ्या चढू लागले. "सांभाळून, पायरी आहे," ते म्हणाले. इतक्या लोकांना हे म्हटलं होतं, बायकोला आज पहिल्यांदाच.

दिवे मालवले. मास्तर खुर्चीत मागे टेकले. कोणी येणारं नाही, कोणाला बसवायचं नाही. पडदा उजळला.

"सगळं काळं आहे," ते बायकोच्या कानाशी कुजबुजले. "आता लांबवर एक ठिपका दिसतोय. उजेड आला. गेला. परत आला. त्या उजेडात लाटा दिसतायत, आणि नुसते हात दिसतायत, कंदिलाची काच पुसणारे. म्हाताऱ्याचे हात आहेत. एका बोटाला चिंधी बांधलीय."

"का बांधलीय?"

"ते अजून कळलं नाही."

"शूऽऽ!" पुढच्या रांगेतून कोणीतरी वळून म्हणालं. "काका, जरा गप्प बसता का?"

मास्तर चपापले. बडबड करणाऱ्यांना त्यांनी नोकरीभर याच सुरात गप्प केलं होतं. त्या माणसाचं काही चुकत नव्हतं. मास्तरीणबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "राहू द्या. तुम्ही बघा."

पण कुठल्या खुर्च्या कोणालाच नको असतात, हे मास्तरांना नाही कळणार तर कोणाला? सगळ्यात पुढची रांग रिकामीच होती. ते बायकोला घेऊन खाली उतरले आणि पडद्याच्या पुढ्यात, अगदी कोपऱ्यात जाऊन बसले. म्हाताऱ्याचं नाक खोलीएवढं दिसत होतं आणि मास्तरांची मान अवघडली होती. मास्तरीणबाईंना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्या कान मास्तरांकडे करून बसल्या, आणि मास्तर सांगत सुटले. वादळ सांगितलं, मुलाचं रागावून निघून जाणं सांगितलं, चिंधीचं कारणही सांगितलं. मास्तरीणबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

शेवट जवळ आला. तो कसा कळतो, हे मास्तरांना विचारावं. संगीतच वेगळं लागतं. आणि कसे कोण जाणे, मास्तर उठून उभे राहिले.

मास्तरीणबाईंनी त्यांची बाही ओढली. "कुठे निघालात?"

"दारं... दारं उघडायची..."

"बसा. दारं उघडायला दुसरे आहेत आता. माझा शेवट राहिलाय."

मास्तर बसले. पडद्यावर मुलाची बोट उजेड धरून धरून किनाऱ्याला येत होती. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. मास्तरीणबाईंनी हात वर करून त्यांच्या गालाला लावला आणि त्यांना समजलं. "आला ना मुलगा?" त्या म्हणाल्या. मास्तरांनी मान हलवली, ती त्यांच्या तळहाताला कळली.

लोक निघून गेले. दाराशी गणवेशातली एक मुलगी उभी होती. हे दोघं चाचपडत येताना बघून ती पुढे आली आणि तिने मास्तरीणबाईंच्या पायांशी बॅटरीचा उजेड धरला.

"काय झालं? का थांबलात?" मास्तरीणबाईंनी मास्तरांना विचारलं.

"बॅटरी दाखवतेय ती तुला. पायरीवर."

"मग थँक्यू म्हणा तिला," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि जणू त्या उजेडातच पाऊल टाकावं तशा ताठ मानेने ती पायरी उतरल्या.

बाहेर भिंतीवर येणाऱ्या पिक्चरची चित्रं लावली होती. ती आपोआप बदलत होती, टाचण्या टोचायची भानगड नव्हती. मास्तर तिथे थबकले, तशा मास्तरीणबाईही थबकल्या. त्यांनी हात पुढे केला. बोटांना गार काच लागली.

"लवकरच काय आहे?" त्यांनी विचारलं.

"एक माणूस आहे. स्टेशनवर बाकावर बसलाय, अंगात कोट आहे. बाकावर शेजारी जागा ठेवलीय त्याने. कोणाची तरी वाट बघतोय."

मास्तरीणबाईंनी काचेवरून हात फिरवला. "त्याला एक भाऊ असणार," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी चित्रातल्या माणसाकडे नीट निरखून पाहिलं.

"असणारच," ते म्हणाले. "हा आपण बघायचा."