ओळखीची मदत

वरंध घाट उतरून हिर्डोशीकडे येताना मागच्या चाकाने फस्सकन श्वास सोडला आणि सौदामिनीने ब्रेक दाबला. उतरून बघते तर टायर बाजूने चांगला दोन बोटं फाटलेला. आतला पांढरा चीक, जो एरवी बारीकसारीक भोकं आपोआप बुजवतो, तो फेसासारखा डांबरावर सांडत होता. तिने नवी ट्यूब घालून हवा भरली, तर ती फाटीतून फुग्यासारखी बाहेर डोकावली. टायर शिवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. जाड नायलॉनचा दोरा जवळ होता, सुईही होती. दुसऱ्याच टाक्याला सुई मोडली.

घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. सहाच्या आत कामथडी गाठायची होती, आणि मध्ये पंचेचाळीस किलोमीटर.

शुक्रवारी पहाटे कामथडीतून निघालेली ही शर्यत म्हणजे पाचशे वीस किलोमीटरचा फेरा होता. राजगडाखालचं पाली, वेल्हे, पानशेत, पुढे ताम्हिणी उतरून कोकण, आणि महाडकडून वरंध चढून भोरमार्गे परत. साठ तास. अंथरूण, हत्यारं, खाणं, सगळं आपल्याच सायकलीवर बांधायचं. दुकानातून विकत घ्या, वाटेत भेटलेल्या परक्या माणसाने काही दिलं तर तेही घ्या. पण ओळखीच्या माणसाची, नात्यातल्याची काडीचीही मदत नाही. प्रत्येकाच्या सायकलीवर एक डबी असायची आणि कोण कुठे आहे ते त्या डबीवरून मोबाईलवर साऱ्या जगाला दिसायचं.

गेल्या वर्षी सौदामिनीने हा फेरा वेळेच्या तासभर आधी पुरा केला होता. पण भोरच्या चौकात नवरा वाट बघत उभा. सुयश वकील माणूस; हजार कलमं पाठ, पण शर्यतीचा नियम वाचायला त्याला सवड झाली नव्हती. बायकोचं उतरलेलं तोंड बघून त्याने तिच्या हातात केळं दिलं आणि तिने ते चालत्या सायकलीवर खाल्लं. संध्याकाळी यादीतल्या तिच्या नावावर लाल रेघ आली. ती भोरच्या शाळेत गणित शिकवायची. वर्षभर नववीचा वर्ग फळ्यावर उदाहरणात फळं आली की खाली माना घालून हसत होता. यंदा तिला पहिलं-दुसरं यायचं नव्हतं. रेघ नसलेलं नाव हवं होतं, एवढंच.

ती सायकल ढकलत चालू लागली. पंक्चरवाला म्हणाल तर थेट भोरला. मनातल्या मनात रामरक्षा म्हणत ती वळणावरून खाली आली, आणि रस्त्याला लागून असलेल्या एका घराच्या ओसरीवर तिला जे दिसलं, ते बघून रामरक्षा अर्ध्यातच थांबली. सत्तरीच्या पुढची एक बाई नव्या भाताच्या पोत्याचं तोंड शिवत बसली होती. हातात वीतभर लांबीचं, चकचकीत दाभण.

"आजी, जरा ते दाभण मिळेल का?"

"आदी पानी पी. तोंड बग कसं कोमेजलंय." आजीने तांब्या पुढे केला. "सायकलीवं कुठनं आलीस?"

"महाडकडनं."

"एस्टी बंद हाय का?"

सौदामिनीला हसू आलं. "शर्यत आहे, आजी."

"आन बाकीची कुठं हायती?"

"पुढे गेली."

"मंग तू हितं माज्यापाशी काय करतीस?" म्हणत आजीने दाभण दिलं.

सौदामिनीने दोरा ओवायला घेतला. तीन दिवस हँडल धरून धरून दोन्ही हातांची शेवटची बोटं बधिर झाली होती. दोरा नेढ्याशी जायचा आणि भलतीकडे वळायचा. आजीने चार वेळा बघितलं, पाचव्यांदा दाभणच काढून घेतलं.

"दे हिकडं. सांजंपतुर ओवशील. नाव काय तुजं? कुनाची तू?"

सौदामिनी सावध झाली. तिच्या आईचं माहेर याच खोऱ्यातलं. धरण झालं तेव्हा खालची वाडी उठली आणि माणसं दौंडच्या बाजूला पांगली. आई पुन्हा कधी इकडे फिरकली नव्हती, पण नातीगोती काठावरच्या गावांत राहिलेली. इथे कुणालाही माहेर सांगावं, की तिसऱ्या वाक्याला कोणी ना कोणी मावशी निघणार. आणि नातं निघालं की मदत बंद.

"माहेर सोलापूरचं," ती म्हणाली. नाव सांगितलंच नाही.

"लई लांबची," म्हणत आजीने टायर मांडीवर घेतला.

काय तो हात! दाभण रबरात शिरायचं, पलीकडून निघायचं, दोरा करकचून ओढला जायचा. घरधनी रखमाजी दारात येऊन उभे राहिले.

"ठकू, पोती सोडून आता गाड्या बी शिवाया लागलीस का?"

"तुमी गप बसा. तुमच्या धोतरापरीस बरं कापड हाय ह्ये."

म्हातारे हसत आत गेले. ठकुबाईने टाका ओढला आणि डोळे बारीक करून सौदामिनीकडे बघितलं.

"सोलापूरची म्हनतीस खरी. पर हनवटी बगून मला आमच्या धोंडीची याद आली. धोंडाबाई. माजी मावसबहीन. धरनाच्या टायमाला ती दौंडाकडं गेली, ती गेलीच. तिकडंच वारली. आमाला सांगावा आला त्यो तेराव्याच्या दिशी." आणखी एक टाका. "तिच्या लेकीची लेक भोराला मास्तरीन हाय म्हनत्यात. इतक्या जवळ. पर कंदी आली न्हाई बग."

धोंडाबाई सौदामिनीची सख्खी आजी. ती मोबाईलकडे बघत राहिली. पावणेतीन. नऊ टाके पडले होते. आतून चिकटपट्टी लावायची, ट्यूब घालायची, निघायचं. अडीच तास पुष्कळ झाले. सव्वापाच, फार तर साडेपाच. तिने तोंड उघडलं नाही तर कुणाला कळणार होतं? डबीला फक्त जागा कळते.

ठकुबाईने गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि आतून ताट घेऊन आली. नाचणीची भाकरी, वरण्याची उसळ, वर लोण्याचा गोळा. सकाळपासून सौदामिनीच्या पोटात दोन चिक्क्यांपलीकडे काही नव्हतं.

तिने भाकरीला हात लावला. मोडवेना.

"आजी, मी खोटं बोलले. मी सोलापूरची नाही. मंगलची मुलगी. धोंडाबाईची नात."

ठकुबाई बघतच राहिली. मग दोन्ही हात तिच्या तोंडावरून फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "अगं माजे बाय! मंगलची! मंग खोटं कशापायी?"

सौदामिनीने नियम सांगितला. गेल्या वर्षीचं केळंसुद्धा सांगितलं. ऐकता ऐकता ठकुबाईचा चेहरा आक्रसत गेला.

"म्हंजी म्या तुज्या वळखीची निघाले, त तुजं नुसकान?"

सौदामिनीने मान खाली घातली. अंगणात कोंबडी दाणे टिपत होती.

"पैज पैशाची हाय का?" ठकुबाईने विचारलं.

"नाही. काहीच मिळत नाही."

"मंग नेमाची हाय." ठकुबाई हळूच म्हणाली. "नेमाचं मला कळतं. चतुर्मासात म्या कांदा सोडते. यंदा सुनंनं भाजीत घातला. ठावं न्हवतं तवर चार घास ग्येले, त्येचा दोस न्हाई. कळल्यावं पाचवा घेतला आसता, तर त्यो माज्या माथी."

एवढं बोलून तिने ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. परत आली, टायर मांडीवर घेतला आणि दाभणाच्या टोकाने पहिला टाका उचकटला.

"आजी!"

"वरडू नगं. पानी प्यालीस त्ये चालतंय, पानी येनाऱ्या-जानाऱ्या समद्यांनाच हाय. दाभन बी कुनीबी मागावं. पर टाकं माज्या हातचं हायती." एकेक करून नऊही टाके निघाले. तिने टायर आणि दाभण ओसरीच्या कडेला ठेवलं आणि चार हात लांब जाऊन बसली. "शिव आता."

सौदामिनीने दोरा घेतला. पहिल्यांदा ओवायलाच पाच मिनिटं गेली. दाभण रबरात शिरेना. शिरलं तर निघेना. बधिर बोटांना टोक लागलेलं कळत नव्हतं, रक्त दिसलं की कळायचं. तीन वाजले. दोन टाके. ठकुबाईने आपले दोन्ही हात पदराखाली घट्ट धरले होते. तिचे ओठ हलत होते. एकदा न राहवून ती पुढे झाली, अर्ध्यात थांबली आणि उठून गोठ्याकडे निघून गेली. पाठमोरी उभी राहिली.

"ठकू, पोरीला मदत कर की," आतून रखमाजी म्हणाले.

"करतीया," ठकुबाई तिकडूनच म्हणाली.

चौथ्या टाक्याला दोरा सुटला. सौदामिनीने दाभणाचा मागचा भाग दगडावर टेकवला आणि टायरच वरून दाबला. गेलं! ही युक्ती साधली. पाच, सहा. सातव्याला गाठ. नऊ नव्हतेच जमणार. चिकटपट्टी, ट्यूब, हवा. फाट फुगली, पण ट्यूब बाहेर आली नाही.

तीन पस्तीस.

तिने ठकुबाईला खाली वाकून नमस्कार केला. "येते, आजी."

"बोलू नगं. नीघ."

नीरेच्या पाण्याकडेने रस्ता वर-खाली होत होता. प्रत्येक खड्ड्याला ती सीटवरचं आपलं वजन उचलून धरत होती. टायर किती सोसेल याचा भरवसा नव्हता. पोटात आग पडली होती. भोरमध्ये घुसली तेव्हा पाच वाजून सात मिनिटं झाली होती. चौकातून मान न वळवता गेली. कापूरहोळचा चढ तिने रडत चढला, आणि महामार्गाला लागली तेव्हा घड्याळात सहाला दोन मिनिटं होती. कामथडी अजून पुढेच. दोन मिनिटांत ते होत नाही, हे गणित शिकवणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको होतं. तरी तिने पायडल मारायचं सोडलं नाही.

सहा वाजून नऊ मिनिटांनी ती पोचली. शर्यत भरवणारा केशव टेबल आवरत होता.

"हिर्डोशीत दीड तास तुझा ठिपका हलेना. काय झालं?"

तिने सांगितलं. पाण्याचा तांब्या, खोटं बोललेलं माहेर, उसवलेले टाके, काहीच वगळलं नाही. केशव खाली वाकून टायरवरचे वेडेवाकडे सात टाके बघत राहिला.

"पहिलेच राहू दिले असते तर?"

"सव्वापाचला आले असते."

त्याने यादी उघडली आणि तिच्या नावापुढे लिहिलं: फेरा पूर्ण, सहा नऊ, मुदतीनंतर. सौदामिनीने वाकून ते दोनदा वाचलं. नाव मुदतीत आलेल्यांच्या खाली, वेगळं होतं. त्यावर रेघ नव्हती.

मग ती रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली आणि आईला फोन लावला.

"आई, हिर्डोशीची ठकुबाई आठवते?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"ठकूमावशी?" एवढी वर्षं दौंडात राहून पुसलेली बोली आईच्या जिभेवर एकदम परत आली. "हाय अजून?"

"आहे. भाताची पोती शिवतेय."

आई म्हणाली, "भोरवरून तिकडं एस्टी किती वाजता असती गं?"

सौदामिनीला ते ठाऊक नव्हतं. "विचारते," ती म्हणाली, आणि फोन कानाला तसाच धरून केशवला हाक मारली.